चित्राखालची कोरी पट्टी

वानखडे सर गेल्याची बातमी मला त्यांच्या मुलीनं तोंडानं दिली नाही. मी आठवडाभर बाहेरगावी होतो. दुकान उघडलं तर सुजाता समोर उभी, हातात सरांचा फोटो. "काका, मोठी फ्रेम करून द्या. पुण्यानुमोदनाले पाहिजे." मेहकरात माझा फ्रेमांचाच धंदा, गेलेल्यांचे फोटो रोजचेच. त्या दिवशी मात्र काच दोनदा चुकीची कापली.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. नागपूरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना जुन्या पुस्तकातून सुटलेलं एक चित्र मिळालं... दुर्मिळ ऑर्किडचं, इंग्रजांच्या काळात छापून हातानं रंगवलेलं. खालच्या समासात कुणीतरी पुसट पेन्सिलनं ते फूल कुठं सापडलं ते लिहिलं होतं. जिल्हा आपलाच, एवढं सरांना लागलं; गावाचं नाव लागेना. जाणकाराला दाखवेपर्यंत खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते माझ्याकडे फ्रेमसाठी दिलं. मला तो समास मळका वाटला. चित्र तयार फ्रेममध्ये बसेना, म्हणून मी तो कापला आणि संध्याकाळी कचऱ्याबरोबर जाळूनही टाकला.

चित्र पाहून सर स्टुलावर बसले. "काऊन कापलं बे सुधाकर?" मग म्हणाले, "मोठी फ्रेम कर. खाली तेवढी जागा कोरी सोड. गाव सापडलं का लिहू." मी माफी मागायला हवी होती. मी चहा मागवला.

पुढे दर पावसाळ्यात सर ते फूल शोधत डोंगर पालथे घालत राहिले. परतताना दुकानाशी थांबून "नाही सापडलं" म्हणायचे आणि माझा चेहरा पाहून विषय बदलायचे. गुडघे गेले तरी जाणं सुटलं नाही. या श्रावणात ते ज्ञानगंगेच्या जंगलात एका घळीत घसरले. गुराख्यांना दुसऱ्या दिवशी दिसले... ते नाव शाबूत असतं तर कुणा जाणकारानं वाचलं असतं, सर सरळ त्या गावी गेले असते. मनात कितीही फिरवलं तरी मी तिथंच येऊन थांबतो.

पुण्यानुमोदनाला, सरांना आदरांजली वाहायला घरी आलेले लोक भिंतीवरचं ते चित्र पाहत होते. सुजाता सांगत होती, "बाबा सांगत जायचे, खालचं वाळवीनं खाल्लं म्हून." इतकी वर्षं सरांनी माझं नाव घरातसुद्धा घेतलं नव्हतं. मला तिथं उभं राहवेना.

गेल्या आठवड्यात ती चित्र घेऊन आली. तिच्या पुण्याच्या घरातली भिंत लहान आहे. "खालचा कोरा भाग कापून टाका काका, तिथं काहीच तं नाही." मी हो म्हणालो. चित्र टेबलावर आहे, शेजारी मोजपट्टी आणि सुरी. चारदा पट्टी लावली, चारदा उचलली. तोंडावर सांगायचं धाडस होत नाही, म्हणून इथं लिहितो आहे. सुजाता, तिथं एका गावाचं नाव होतं. वाळवी नव्हती गं, मी होतो.