छातीभर पाण्याची रेघ

गल्लीत त्या गवंड्याला सगळे 'घण' म्हणायचे. हातात कायम घण, आणि डोकंही घणासारखंच: आधी पडायचं, विचार मागाहून. पण कामात चोख. ओळंबा सोडल्याशिवाय वीट ठेवणार नाही. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकच रेघ खोटी गेली, आणि तीच मुळावर आली.

गल्ली नदीला खेटून. पूर ओसरला की जो तो आपल्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर, पाणी चढलं तिथे लाल रेघ मारायचा. गेल्या पुरानंतर शेजारच्या खाटकाने कमरेएवढी मारली आणि चारचौघांत म्हणाला, "आम्ही पूर सोसला. घण्याची नुसती पावलं भिजली."

नुसती पावलं! घणने गुडघ्याशी उमटलेला गाळाचा डाग गिलाव्याखाली गाडला आणि थेट छातीशी बोटभर जाड रेघ ओढली.

मग विमा कंपनीचा माणूस आला, टेप लावली, फोटो काढले, गेला. महिन्याभराने कागद आला. पूरविम्याचा हप्ता गल्लीत सगळ्यांचाच वाढला होता, घणचा मात्र तिप्पट. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर विमा बंद. तेवढे पैसे घरात नव्हते. वीस वर्षांपूर्वी मागची भिंत वाहून गेली तेव्हा विम्यानेच ती उभी केली होती. आता विमा गेला तर पुढच्या पुरात घर गेलं, एवढं साधं गणित.

ऑफिसात काउंटरवरच्या बाईने फोटो काचेला लावला. "छातीभर पाणी येतं ना तुमच्याकडे?"

"कुठला हरामखोर म्हणतो?"

"तुमची भिंत म्हणते."

घणची मूठ काचेतून आरपार गेली. कोपरापर्यंत रक्त. दोन पहारेकऱ्यांनी त्याला फरफटत पायऱ्यांवर आणून टाकलं. बाई केसांतले काचेचे तुकडे झाडत दारात आली. "फेरतपासणी मागा. पुरावा लागेल. आणि काचेचे पैसे वेगळे."

रक्ताळलेल्या फडक्यात हात गुंडाळून तो गल्लीत शिरला, तर खाटीक दुकानातून ओरडला, "काय घणशेठ, आज रक्त कुठवर चढलं? छातीपर्यंत?"

पुढचं शब्दांचं काम नव्हतं. घणने त्याला मटण तोडायच्या ओंडक्यावरून ओढून खाली आपटलं. खाटकाने सुऱ्याची मूठ त्याच्या कानशिलात हाणली. एकाचा दात पडला, दुसऱ्याची भुवई फाटली, दोघं गटारात लोळत एकमेकांचे गळे दाबत राहिले. शेवटी घणची बायको बादली घेऊन आली आणि दोघांच्या डोक्यावर रिकामी केली.

"पाणीच मोजायचंय ना तुम्हाला? घ्या, मोजा! आणि तुम्ही हो, ती रेघ मारताना रंगाचा डबा मीच धरला होता. खरी कुठे पुरलीत ती काढा आता."

घण उठला. फाटक्या हातानेच घण उचलला आणि भिंतीवर घातला. आपणच घोटून केलेला गिलावा त्याने सूड घेतल्यासारखा फोडला. लाल चिखल झाला, विटेचा किती अन् रक्ताचा किती कळेना. खाली गुडघ्याशी गाळाचा पट्टा तसाच होता.

फेरतपासणीला टेपवाला पुन्हा आला. दारात सगळी गल्ली, पुढे सुजलेल्या ओठाचा खाटीक.

"मग वरची रेघ कुणाची?"

घणचा जबडा काच चावल्यासारखा हलला. "माझी. खोटी आहे. लिहा."

टेपवाल्याने लिहिलं, सही घेतली. "वाढीव हप्ता रद्द होईल."

खाटीक हसेल म्हणून घणने मूठ आवळूनच ठेवली होती. पण तो खाली मान घालून निघून गेला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून ठोकल्याचा आवाज येऊ लागला. खाटकाच्या कमरेएवढ्या रेघेखालीही गिलावा फुटत होता.

घणने कान दिला. तोंड वाकडं केलं.

"गाढव आहे. छिन्नी उलटी धरलीय." हातावरचं फडकं आवळून त्याने घण उचलला आणि शेजारच्या दारात जाऊन गरजला, "सरक! वीट फोडशील."