थर्झाचा ठोका

कॉर्नवॉलच्या आमच्या खाणीवर थर्झा ट्रेंबाथइतकी अस्वस्थ बाई दुसरी नव्हती. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा तिची बोटे बाकावर टकटक करत. तो तिच्या कामाचा ठोका होता. मी सात वर्षे तिच्या पिंपावर काढली, म्हणून हे मीच सांगितले पाहिजे.

खाणीतून आलेला दगड दळला की कथील आणि वाळू एकमेकांत मिसळलेली असतात. ती भुकटी आम्ही पाण्यासकट लाकडी पिंपात ओतायचो. मी फावड्याने ती घुसळायची आणि बाजूला व्हायची. मग थर्झा शेजारी बसून लोखंडी पहारीने पिंपाच्या कडेवर ठोके द्यायची. अर्धा तास, कधी जास्त, एका लयीत. त्या हादऱ्याने जड कथील तळाला जाते, हलकी वाळू वर राहते. ठोका तुटता कामा नये, आणि मध्येच फावडे घालून बघता कामा नये. बघितले की सगळे पुन्हा कालवले जाते.

थर्झाला बघितल्याशिवाय राहवत नसे.

त्या शुक्रवारी कप्तान नॅनकॅरो आला. मुकादमाला आमच्याकडे कप्तानच म्हणतात.

"थर्झा, तुझ्या दोन पिंपांच्या तळात वाळू निघाली. हे तिसरंही तसंच निघालं, तर सोमवारपासून दगड फोडायला जा."

थर्झा शेचाळीस वर्षांची होती. मनगट सुजलेले. दगड फोडायचे म्हणजे उघड्या वाऱ्यात हातोडा.

तिने ठोके सुरू केले. थोड्या वेळाने तिचा डावा हात फावड्याकडे सरकला.

"हात मागे घे, बये!" मी म्हटले.

"वाळू वर आली की नाही, तेवढंच बघते."

"सोमवारी दगडात बघ हवी तितकी!"

ती हसली नाही, पण हात मागे गेला. जेवणाची घंटा झाली. सगळ्या बाया भट्टीवर ठेवलेल्या पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, घ्यायला धावल्या. ठोका चालूच. घाम तिच्या टोपीच्या नाड्यांवरून ओघळत होता. डोळे पाण्यावर, ओठ दाताखाली. पुन्हा दोनदा हात सरकला, दोनदा तिने तो स्वतःच मांडीखाली दाबला.

मग आवाज बदलला. आतापर्यंत पोकळ वाजणारे पिंप भरीव वाजू लागले.

"बसलं," ती पुटपुटली.

पाणी काढले. वरचा करडा थर खरवडून वेगळा केला, मधला पुन्हा धुवायला ठेवला. तळ काळाभोर होता; कच्चे कथील काळेच असते. कप्तानने चिमूटभर कथील फावड्यावर घेतले, पाणी घालून गोल फिरवले. फावड्याच्या टोकाला काळी चंद्रकोर उरली, वाळूचा कण नाही. त्याने नखावर घासून पाहिले, उन्हात धरले.

कप्तानने रिकामे पिंप पायाने तिच्याकडे ढकलले.

"बघतेस काय? भर."

तिने गार झालेली पेस्टी डाव्या हाताने खाल्ली. उजवा हात गुडघ्यावर ठोके देत होता.