आबांचा टांगा आणि ओटिस ब्रॅनली

गेल्या रविवारी माधवगंजात, आमच्या मंडळाच्या बैठकीत भांडण करून आले. वय वर्षं चौऱ्याऐंशी, आणि भांडण कशावरून, तर एका इंग्रजी सिनेमावाल्यावरून... नात म्हणाली, "आजी, तुम भी ना!"

झालं असं की आमच्या सिनेमाप्रेमी मंडळात दर महिन्याला एकजण आपल्या आवडत्या दिग्दर्शकावर बोलतो. या वेळी माझी पाळी होती. मी नाव दिलं, ओटिस ब्रॅनली.

कुणालाच माहीत नाही! घोडे, बंदुका, टोपीवाले गुराखी... असले स्वस्तातले सिनेमे काढायचा, पुढे टीव्हीवरच्या मालिका केल्या. आमचे चिटणीस कॉलेजात शिकवतात. ते हसून म्हणाले, "काकू, हा तर मारधाडवाला. कुणीतरी मोठा घ्या ना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, बसा खाली आणि ऐका.

तेच इथे लिहिते आहे.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या घोडदळात होते. संस्थान विलीन झालं, फौज मोडली. तरण्यांना हिंदी फौजेत घेतलं, आबांना वय झालं म्हणून घरी पाठवलं... आणि त्यांची घोडी लिलावात गेली.

मग आबा दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आमच्या घरात नुसते पडून राहायला लागले. बोलणं नाही, धड जेवण नाही. पदरी आम्ही चार लेकरं, आईच्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी सुचवलं, टांगा घ्या. तर थोरले काका कडाडले, "शिलेदाराच्या घरातला माणूस सवाऱ्या वाहणार?" विषय तिथेच संपला.

इंग्रजी गुराख्यांच्या सिनेमांत घोडे असतात, एवढं ऐकून आईने आबांना माझ्याबरोबर तिकडे पिटाळलं. पण तिथेही आबा चिडायचे. घोडा दहा कोस भरधाव पळतो आणि अंगावर घामाचा थेंब नाही! "हा घोडा आहे की मोटार?" असं ओरडून मध्यांतरालाच मला ओढत बाहेर काढायचे.

एकदा मात्र जागचे हललेच नाहीत. पडद्यावर पाठलाग संपला होता. हिरो तहानेने मरायला टेकलेला... पण उतरल्याबरोबर त्याने आधी घोड्याचा तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, सैल केला. त्याला हळूहळू फिरवून निववलं, मग थोडं थोडं पाणी पाजलं. स्वतः सगळ्यात शेवटी प्याला.

आबा ताडकन उभे! "शाबास रे पठ्ठ्या! याला घोडा कळतो!" मागून लोक ओरडताहेत, "अरे बैठो दादा!" आबा कसले बसतात...

त्या हिरोचीही पलटण मोडलेली असते. शेवटी तो सवाऱ्यांची घोडागाडी हाकायला लागतो. रडारड नाही, लाज नाही. ब्रॅनलीने त्याला असा ताठ बसवला आहे की बघणाऱ्याचीच पाठ सरळ व्हावी.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, हा बनवला कुणी? डोअरकीपरने पोस्टरवर बोट ठेवून दाखवलं. मी नवी नवी इंग्रजी शिकत होते... एकेक अक्षर लावत नाव वाचलं.

पंधरा दिवसांत आमच्या दारात टांगा उभा होता. काकांनी आमच्याकडे पाणी प्यायचं सोडलं. लोक काय म्हणतील, म्हणून आई रडली. आबा म्हणाले, "लोकांना म्हणावं, बसायचं असेल तर बसा. नाहीतर बाजूला व्हा, घोडा येतोय."

काही वर्षांनी संस्थानाच्या जागी आलेलं मध्यभारत राज्यही गेलं, राजधानी भोपाळला गेली. काकांची सरकारी कचेरी तिकडे हलली. त्या दिवशी स्टेशनवर जायला दुसरं काही मिळेना... काका ट्रंका घेऊन आबांच्याच टांग्यात बसले. आबांनी टांगा मुद्दाम महाराज बाड्यावरून नेला, भर बाजारातून! काका मान खाली घालून, आबा ताठ. मी पुढे आबांच्या शेजारी. त्यांनी काकांना एक शब्दही सुनावला नाही. स्टेशनवर ट्रंका स्वतः उतरवून दिल्या.

मंडळात एवढं सगळं सांगून मी खाली बसले. तरीही चिटणीस म्हणालेच, "पण काकू, कलेच्या दृष्टीने..."

कलेचं तुम्ही बघा! माझा बाप त्या माणसाने उठवून उभा केला. त्याला दुय्यम म्हणणाऱ्याशी मी पुन्हा भांडेन, शंभर वेळा भांडेन.

संस्थान गेल्यानंतर आबांनी कुणालाही मुजरा केला नाही. त्यांच्या वतीने आज मी करते... ब्रॅनलीसाहेब, मुजरा घ्या.