ऊन सरकलं

माझी बायको जाऊन दीड वर्ष झालं. पण आमच्या घरात तिच्याशी रोज कोणीतरी बोलायचं. मी नव्हे. माझी थोरली बहीण.

बहिणीला आम्ही सगळे बाय म्हणतो. वय पंच्याऐंशीच्या पुढे. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, पोर नव्हतं, ती माहेरी परत आली ती कायमची. पुढे माझं लग्न झालं आणि या दोघी एका चुलीवर पन्नास वर्षं राहिल्या. भांडल्या भरपूर. मिठावरून, सरपणावरून, माझ्यावरून. पण एक काम दोघींशिवाय होत नसे. सुकेळी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमची वसईची केळीची वाडी. राजेळी केळं पिकलं की सोलायचं, आठ-दहा दिवस उन्हात वाळवायचं, मग सुक्या पानात गुंडाळून बांधायचं. वाळवायला बांबूची चौकट असते, वर कामट्या विणलेल्या, बिनपायांच्या खाटेसारखी, पण माणसाहून लांब. आमच्या अंगणात पूर्वेला घर, पश्चिमेला विहीर आणि माड. ऊन एका जागी थांबत नाही. सावली आली की चौकट उचलून पुढे न्यायची, दिवसातून चार-पाच वेळा. एकट्याने उचलली तर केळी घरंगळून मातीत जातात. म्हणून बायको अंगणातून ओरडायची, "वन्सं, ऊन सरकलं!" बाय हातातलं टाकून बाहेर. घराकडचं टोक बायचं, विहिरीकडचं बायकोचं. पन्नास वर्षांत टोकं बदलली नाहीत.

बायको गेली आणि बाय विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस बंद करायचा, मग बायको मेली हेच.

सुरुवातीला मी खरं सांगितलं. "बाय, ती गेली." तर ती आताच बातमी आल्यासारखी ऊर बडवून रडली. "मला कोणी सांगितलं का नाही? तेरावं तरी केलंस का रे?" चार वेळा सांगितलं, चारही वेळा ती नव्याने तेवढीच रडली. पाचव्या वेळी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "असेल वाडीत." ती शांत झाली आणि मी सुटलो.

मग एका दुपारी ओट्यावर बसलो होतो. बाय एकदम आतून लगबगीने आली. "आले गो, आले, किती ओरडशील." अंगणात चौकट पडलेली, बायको गेल्यापासून तिच्यावर एक केळं चढलेलं नाही. बायने घराकडचं टोक उचललं आणि वाट बघत उभी राहिली. "उचल ना गो वैनी, हात भरून आले माझे." वयाने मोठी असून ती माझ्या बायकोला वैनीच म्हणायची, आधी चिडवायला, पुढे सवयीने.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मी विहिरीकडच्या टोकाकडे बघत बसलो. टोक काही हललं नाही.

त्यानंतर रोजचंच झालं. बाय आत येऊन मला निरोप सांगायची. "वैनी म्हणते दाढी कर, भिकाऱ्यासारखा दिसतोस." "वैनी विचारते, गोळी घेतलीस की नुसतंच पाणी प्यायलास?" बोलणं अगदी माझ्या बायकोचं. मी गोळी घ्यायचो. दाढी करायचो. कोणासाठी करतो ते विचारायला घरात कोणी नव्हतं.

एक दिवस चौकट उचलली जाईना म्हणून बाय दुसऱ्या टोकाला बघायला गेली. मी मागल्या दारी होतो. आलो तर तिचा एक पाय विहिरीच्या काठावरून आत, वाकून बघतेय. "वैनी, खाली कशाला गेलीस गो?" मी लुगड्याला धरून मागे ओढली. दोघं चिखलात पडलो. तिचं कोपर सोललं, माझा गुडघा.

मुलगा एव्हरशाईन सिटीत फ्लॅटमध्ये राहतो. तो धावत आला. विहिरीवर जाळी टाकून घेतली. मग बाय फाटकाबाहेर जायला लागली. एका रिक्षावाल्याने सांडोरच्या रस्त्यावरून आणून सोडली. म्हणाला, "आजी सगळ्यांना विचारत होत्या, माझी वैनी दिसली का."

मुलगा म्हणाला, "बाबा, आता आत्यासाठी जागा बघूया. सीनियर लोकांची चांगली ठिकाणं झालीत आपल्याकडे."

"तुझ्याकडे ने."

"आम्ही दोघं सकाळी सातला घर सोडतो, रात्री नऊला येतो. सातव्या मजल्यावर तिला कोंडून ठेवू?"

खोटं नव्हतं ते. मला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. घरात ठेवली तर एक दिवस ती माझी नजर चुकवून मरणार. आणि पाठवली तर घरात बायकोचं नाव घेऊन बोलणारं कोणी राहणार नाही. मला ती दिसत नाही, ऐकू येत नाही. जी काही उरली होती ती बायच्या तोंडात उरली होती. हे मुलाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "चल, बघू."

पहिली जागा टोलेजंग इमारतीत. खाली काचेचं दार, थंडगार. एक मुलगी आली, हसरी. "अंकल, आमच्याकडे योगा असतो, लाफ्टर क्लब असतो, सगळे सण सेलिब्रेट करतो."

"आमची बहीण हसत नाही, भांडते. भांडायला कोणी आहे?"

ती खळखळून हसली. मी विचारलं, "ऊन कुठे येतं?"

"टेरेसवर ना, अंकल. पण टेरेस लॉक असतो, सेफ्टीसाठी. रूममध्ये एसी आहे."

मी उठलो.

दुसरी जागा वाड्यांमधली, जुना बंगला, चर्चच्या मठातल्या सिस्टर चालवतात. मोठ्या सिस्टर पन्नाशीच्या, चप्पल फटफटवत चालणाऱ्या. त्यांनी खोल्या दाखवायला घेतल्या. मी सरळ मागल्या अंगणात गेलो. मोठं सिमेंटचं अंगण, सगळीकडून कमरेइतकी भिंत, फाटकाला कुलूप, विहिरीवर दगडी लादी. एकही झाड नाही. सगळं अंगण उन्हाने भरलेलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, दुपारी गेलो, चार वाजता पुन्हा गेलो. ऊन होतं तसंच. वाळवणाला अशी जागा मी जन्मात बघितली नव्हती.

मुलगा वैतागला. "बाबा, आत्याला ठेवायचंय की केळी वाळत घालायचीत?"

"तुला काय कळतं त्यातलं."

सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही खोली बघितलीच नाही."

"खोलीत काय बघायचं? खाट असेल."

"बाथरूम? डॉक्टर कधी येतात?"

"येत असतील की."

त्या हसल्या. मग वही काढून त्यांनी विचारलं, "बायना भीती कशाची वाटते?"

"कशाचीच नाही. हीच तर पंचाईत."

"आणि तुम्हाला?"

"माझं राहू द्या. मी नाही येत राहायला."

त्यांनी वही मिटली. मी मनात म्हणत होतो, हे अंगण दोघींना आवडेल. दोघींना. असं मी म्हटलं मनात आणि कोणाला सांगितलं नाही.

पण बाय घर सोडीना. दाराची चौकट धरून बसली. मुलगा गाडी घेऊन बाहेर उभा. शेवटी मी तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि म्हटलं, "बाय, वैनी पुढे गेलीय. तिकडे राजेळी पिकलीत, मोठं अंगण मिळालंय. तुला बोलावलंय तिने."

बायने तोंड धुतलं, केस विंचरले, केळ्यांवर झाकायचं पांढरं फडकं घडी करून कमरेला खोवलं आणि पटकन गाडीत जाऊन बसली. वाटभर बडबडत होती. तिने आयुष्यभर माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला, त्या दिवशीही ठेवला. माझी इतकी माणसं मेली, पण मेलेल्याच्या नावाने खोटा निरोप द्यायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

घरी परत आलो. पहिले काही दिवस नुसता झोपलो. दाढी वाढली. कोणी काही म्हणालं नाही. दुपारी अंगणात सावली यायची, चौकटीवरून जायची, मी ओट्यावर बसून बघायचो. कान लावून बसायचो, हे लिहायला लाज वाटते, पण बसायचो.

आता एक सांगायचं राहिलंय, ते सांगून टाकतो. ज्या दिवशी बायको गेली त्या दिवशी सुकेळीचा चौथा दिवस होता. मी ओट्यावर चहा पीत होतो. ऊन सरकलं. ती मला म्हणाली, "आज माझं टोक तुम्ही धरता का? जीव घाबरा होतोय." मी म्हटलं, "बायकांचं काम बायकांनी करावं." बशीतला चहा निवला होता, तो मला आधी संपवायचा होता. तिने बायला हाक मारली, टोक उचललं, चार पावलं चालली. चौकट कलली, केळी मातीत. बाय ओरडली, "नीट धर ना गो, सगळं मातीत घातलंस!" तिला वाटलं हात सुटला. हात नव्हता सुटला. माणूस सुटलं होतं. बाय ते विसरली. मला काही विसरायला होत नाही.

तिसऱ्या रविवारी बायला बघायला गेलो. अंगणात भिंतीजवळ खुर्चीवर बसली होती, अंगावर धुतलेलं लुगडं, गालावर थोडं मांस चढलेलं. सिस्टर म्हणाल्या, "जेवतात चांगलं. कोपर भरलं. फक्त दिवसभर इथेच बसतात, जमिनीकडे बघत."

मी म्हटलं, "बाय, कशी आहेस?"

तिने मला बरोबर ओळखलं. "खोटारडा आहेस तू."

"का गो?"

"वैनी इथे नाही."

"असेल आत कुठेतरी."

"नाही. इथे ऊन सरकतच नाही. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, ऊन तिथल्या तिथे. मग ती हाक मारेल कशाला?"

तीन वेळा येऊन मी तेच तपासलं होतं, आणि खूश होऊन गेलो होतो.

"ती घरीच आहे," बाय म्हणाली. "ओरडून घसा बसला असेल तिचा. आणि तू काय करतोस? ओट्यावर चहा पीत बसतोस?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला आठवत होतं की नव्हतं, तोंडावरून कळेना.

"जा तू. विहिरीकडचं टोक तू धर. तिला घराकडे उभी कर, माझ्या जागेवर. विहिरीकडे नको उभी करू, तिला चक्कर येते." मग कमरेचं पांढरं फडकं काढून तिने माझ्या हातात दिलं. "हे ने. माश्या बसतात."

"तू येतेस का घरी?"

"मी कशाला? इथे जेवण बरं आहे."

घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. माडाची सावली चौकटीच्या विहिरीकडच्या टोकापर्यंत आलेली. फडकं ओट्यावर ठेवलं. चहा केला नाही. अंगणात जाऊन बायकोच्या जागेवर उभा राहिलो. मला हाक ऐकू आली नाही, हेही खरं ते लिहितो. पण ऊन सरकलं होतं, ते मला दिसत होतं.

वाकून टोक उचललं. बांबू वाळून हलका झालाय. दुसरं टोक जमिनीवर. बायकोला मी कधी नावाने हाक मारली नाही, आमच्यात तशी रीत नव्हती, त्यामुळे काय म्हणून बोलवावं ते कळेना. शेवटी म्हटलं, "उचल गं. धरलंय मी."

सावली माझ्या पाठीवरून कामट्यांवर आली, एकेक कामटी करत घराकडे सरकायला लागली. हात भरून आले. मी तसाच उभा होतो.