देवीकडे तोंड करून उभी गाडी

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, पण गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही. जुनी डिझेल जीप, दुसऱ्याच्या हाताखालून आलेली. सुनेचे दिवस भरत आले होते, मुलगा सुरतेला नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "आबा, वेळ आली की अँब्युलन्स बोलावजा." मी म्हटलं, "मन्ही गाडी शे ना दारमा!"

पण ती गाडी मधूनच एखाद्या सकाळी हट्टाला पेटायची. सेल्फ घर्र घर्र फिरत राही, इंजिन पकडायचं नाव घेईना. एकदा पकडलं की मग दिवसभर काही तक्रार नाही. फिटरनं बॅटरी बदलली, तरी तेच. सून ओट्यावरून बघायची आणि दवाखान्यासाठी भरलेली पिशवी पुन्हा आत नेऊन ठेवायची. ते मला लागायचं.

बायको शेण भरता भरता म्हणाली, "आवो, तुमनी गाडी मंगळवारलेच रुसस."

"गाडीले काय वार समजस?"

"देवीले समजस. काहीतरी चुकनं व्हई तुमनं."

मी हसलो आणि मग हसता हसता थांबलो. सोमवारी संध्याकाळी मी गाडी धुतो, अंगणाच्या वरच्या टोकाला निंबाखालच्या देवीकडे तोंड करून लावतो. मंगळवारी नारळ फोडूनच बाहेर काढतो. इतर दिवशी ती गोठ्याजवळ, तोंड उताराकडे. म्हणजे मंगळवारीच तिचं नाक वर आणि मागची टाकी खाली!

मला आमची विहीर आठवली. विहिरीत पाइपाच्या तळाची झडप गळकी झाली की रात्रीतून पाणी खाली उतरतं आणि सकाळी पंप नुसती हवा ओढतो. जन्मभर बघितलेलं. तेच डिझेलचं?

शुक्रवारी मुद्दाम नाक वर करून लावली. शनिवारी घर्र घर्र.

फिटर म्हणाला, "आबा, गाडी एअर घेते." मी म्हटलं, "तेच तर मी सांगायला आलो." त्यानं गाडी चढावर उभी करून फिल्टरपाशी आरपार दिसणारा पाइप जोडला. चहा पिऊन पाहतो तर पाइपात एक बुडबुडा, हळूहळू वर सरकणारा. कुणी हात लावलेला नाही, इंजिन बंद, आणि आत डिझेल आपल्या पायानं मागं निघालेलं. माझ्या विहिरीचा नियम या लोखंडालाही लागू! मी कितीतरी वेळ तिथंच वाकून उभा. फिटरनं हवा शिरत होती तो टाकीकडचा चिरलेला पाइप काढून नवा बसवला.

सोमवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "आते तरी दुसरीकडे लावा."

"नई. देवीकडेच."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सुनेला हाक मारली, किल्ली तिच्याच हातात दिली. ती पोट सांभाळत बसली, किल्ली फिरवली. सेल्फचा आवाज पुरता ऐकूही आला नाही, इंजिन सुरू.

ती म्हणाली, "आबा, मन्ही दवाखानानी पिशवी गाडीमा ठी द्या."

नारळ राहू दिला. आधी पिशवी ठेवली.