मांडीवरचं हेल्मेट

क्लिनिकमधल्या सरांनी सांगितलं, गुरुग्राममध्ये एका नव्या फुटबॉल टीमला फिजिओ हवी आहे. मी लगेच हो म्हटलं. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायट्यांमधल्या काकूंचे गुडघे बघून मला कंटाळा आला होता.

पहिल्या दिवशी ग्राउंडवर पोचले, तर सगळे चेंडू हातात घेऊन पळत होते आणि एकमेकांना जमिनीवर पाडत होते. हा अमेरिकन फुटबॉल होता. त्याची व्यावसायिक लीग आपल्याकडे नुकतीच सुरू होत होती आणि आमच्या टीमचा हा पहिलाच सीझन होता. घरी मी बाबांना कॉम्प्युटरवर एक मॅच दाखवली.

"यात चेंडूला पाय कधी लावतात?" बाबांनी विचारलं.

"क्वचित."

"आणि डोकं?"

मी कॉम्प्युटर बंद केला. माझी सगळी काळजी तिथेच अडकली होती.

टीममध्ये चाळीसएक जण होते. कुणी कुस्ती सोडून आलेला, कुणी कबड्डी, तर कुणी नुसतं जिममध्ये शरीर कमावलेला. कोच अमेरिकेहून आलेले. हेल्मेटंही तिकडूनच आली होती, पण बऱ्याच जणांना ती ढिली व्हायची. मी आतून फोमच्या पट्ट्या चिकटवत बसायचे. दीड वर्षाचा माझा अनुभव आणि समोर एकमेकांवर धावून जाणारे हे शंभर-शंभर किलोचे लोक. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं की मी जागची उठायचे, आणि ज्याला लागलं तो उभा राहिला की मगच बसायचे.

"मॅडमजी, आप टेन्शन बहुत लेती हो," आमचा सगळ्यात चांगला डिफेंडर म्हणायचा. तो रोहतकजवळच्या गावातला पहिलवान. गुडघ्याच्या दुखापतीने त्याची कुस्ती सुटली होती, आणि आता लीगच्या पोस्टरवर त्याचा फोटो होता.

तिसऱ्या मॅचच्या दोन दिवस आधी, गुरुवारी सकाळी, प्रॅक्टिसमध्ये त्याची आणि दुसऱ्या एकाची समोरासमोर टक्कर झाली. तो लगेच उठला, हसलासुद्धा. थोड्या वेळाने पाणी प्यायला माझ्याकडे आला.

"मॅडमजी, मॅच कब है?"

"परसों. शनिवार को."

त्याने वाकून बुटाची नाडी बांधली, वर बघितलं आणि पुन्हा विचारलं, "मॅच कब है?"

मी त्याला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये नेलं. डोक्याचं स्कॅनिंग झालं, रिपोर्ट नॉर्मल आला. मॅनेजरांनी सुटकेचा श्वास सोडला. "स्कॅन क्लीन आहे, म्हणजे शनिवारी खेळेल. टीव्हीवाले त्याच्यासाठीच येतायत."

मेंदूला हादरा बसला तरी तो स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि मॅनेजरांसमोर उभं राहून बोलणं वेगळं. शुक्रवारी मी त्याला पाच साधे शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. त्याला दोनच आठवले. उन्हात आला की तो डोळे बारीक करत होता. डोकं दुखतंय का, म्हणून विचारलं की म्हणायचा, "बिल्कुल नहीं."

मी कोचकडे गेले. ते मॅनेजरांचीच बाजू घेतील असं मी धरून चालले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "निर्णय तुझा. तू त्याला खेळवशील?"

"नाही," मी म्हटलं.

"मग त्याचं हेल्मेट काढून घे. तोंडी सांगितलेलं तो ऐकणार नाही."

शनिवारी मॅचभर मी त्याचं हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसले. त्याच्या गावातून दोन जीप भरून माणसं आली होती. आधी त्याने विनवण्या केल्या. एक क्वार्टर, पाव मॅच तरी खेळू द्या, मॅडमजी. मग तो भडकला. "आपने मेरा करियर खा लिया," असं सगळ्यांदेखत म्हणून तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मी हेल्मेट आणखी घट्ट धरलं.

मध्यंतरात त्याचे वडील माझ्याजवळ आले. "बेटी, लड़के को हुआ क्या है? दिखता तो ठीक है."

मी जमेल तसं समजावलं. आतली इजा बाहेरून दिसत नाही. ती भरायच्या आत पुन्हा मार बसला, तर जीवावरही बेतू शकतं. ते जाऊन मुलाशेजारी बसले आणि मॅच संपेपर्यंत त्यांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

आम्ही हरलो. तो खेळायचा त्याच बाजूने समोरचे तीनदा घुसले. परतीच्या बसमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. घरी आईने पान वाढलं, पण मी ताटावरून उठले. तो खरंच बरा असेल तर? मीच उगाच घाबरले असेन तर? हे मला कधीच कळणार नव्हतं, कारण जे घडू नये म्हणून मी हेल्मेट धरून बसले होते ते घडलंच नव्हतं.

पुढच्या दोन मॅचही मी त्याला खेळू दिलं नाही. शेवटच्या मॅचला तो उतरला. छान खेळला, पण माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. प्रत्येक टकरीला मी उभी राहत होते.

दुसरा सीझन सुरू होणार असं बरेच महिने ऐकत होतो. मग लीगच्या ऑफिसचा फोन लागेनासा झाला आणि मी क्लिनिकमध्ये परतले. तो आता नोएडातल्या एका शाळेत कुस्ती शिकवतो, एवढं कानावर आलं.

काही वर्षांनी मी त्याला मेसेज केला. लिहून तीनदा पुसला होता. डोकं वगैरे कधी दुखतं का, एवढंच विचारलं.

संध्याकाळी उत्तर आलं. "नहीं मॅडमजी. आप ठीक हो?"