बायकोच्या नावावरची खाण

विभावरी देशकरला कुणी नुसता चहा विचारला, तरी तिच्या मनात आधी पाल चुकचुकायची. याला माझ्याकडून काय हवंय? जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, तिने तुरीच्या डाळीच्या बरणीवर मार्करने रेघ मारून ठेवली होती. डाळ रेघेखाली उतरली की शेजारच्या खोलीतली पोलिश मुलगी आरोपी! त्या बिचारीला तूर खातात की पेरतात हेही ठाऊक नव्हतं. पण विभावरीच्या कोर्टात सुनावणी नसायची, थेट निकाल.

अशा बाईला पीएचडीचा विषयही अगदी शोभेसा मिळाला: कास्पर लोस्नित्झ. साडेचारशे वर्षांपूर्वीचा बेर्गमायस्टर, म्हणजे सरकारच्या वतीने चांदीच्या खाणींवर देखरेख करणारा मोठा अधिकारी. मूळचा साध्या खाणकामगाराचा पोर. मेला तेव्हा गावातलं सर्वांत मोठं घर, चांदी गाळायच्या दोन भट्ट्या आणि अर्ध्या डोंगरातल्या खाणींत वाटे! त्याच्या गावाने चौकाला त्याचं नाव दिलेलं. वर्षातून एकदा खाणकामगारांचे जुने काळे गणवेश घालून लोक त्याच्या नावाने मिरवणूक काढायचे, बँड वाजायचा.

विभावरी त्या मिरवणुकीत कडेला उभी राहून मनात म्हणाली, वाजवा, वाजवा. तुमचा देव मीच उघडा पाडणार आहे.

कारण तिला धागा मिळाला होता. ज्या खाणींवर देखरेख करायची, त्यांत अधिकाऱ्याने स्वतःचा वाटा ठेवायचा नाही, असा त्या काळी दंडक. कास्परच्या नावावर खरंच काही नव्हतं. सगळं होतं त्याच्या बायकोच्या, बार्बाराच्या नावावर.

आता ही युक्ती विभावरीला कुणी शिकवायची गरज होती का? अहो, ती भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणीच्या कॉलनीत वाढलेली! तिथे पेट्रोल पंप बायकोच्या नावावर, ठेका मेहुण्याच्या नावावर, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. आणि कळायला लांब कशाला जा? तिचे वडील भास्करराव खाणीतून माल बाहेर सोडणारे अधिकारी. आणि तो माल रेल्वेपर्यंत नेणारे दोन ट्रक होते आईच्या, सरलाबाईंच्या, नावावर. विभावरी अकरावीत असताना भास्कररावांना त्या जागेवरून काढून खाली खाणीत धाडलं. साहेब सापडले, असं कॉलनी म्हणाली. घरात कुणी चकार शब्द काढला नाही, आणि पोरीने निकाल दिला. शिष्यवृत्ती मिळवून ती बाहेर पडली ती वडिलांशी बोलणं तोडूनच. दर रविवारी फोन आईला. कास्परला उघडा पाडायचा म्हणजे आपण बापाबद्दल बरोबर होतो, हेही एकदाचं सिद्ध होणार होतं. तिला त्याचीच जास्त घाई होती.

इन्स्टिट्यूटमध्ये तिने हे सगळं मांडलं, तेव्हा तिच्या गाइड, फ्राउ झायफर्ट, शांतपणे म्हणाल्या, "बरं, बार्बारा काय करत होती?"

"काही नाही. तिचं फक्त नाव वापरलं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

विभावरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाई इथल्याच, कास्परच्या शेजारच्या गावच्या. आपल्या माणसाला झाकणारच ना! दुसऱ्याच दिवशी ती पुरावा आणायला बस पकडून त्या गावच्या चर्चमध्ये गेली.

भिंतीत नवराबायकोचे समाधीचे दगड शेजारी शेजारी बसवलेले. कास्परच्या दगडाचे तिने आधी तीनदा फोटो काढले होते. तेव्हा सॅक कुठे टेकवली होती? बार्बाराच्या दगडाला. आज तिने पहिल्यांदा तो दगड नीट पाहिला. चर्चमधल्या बाकीच्या सगळ्या बायका हात जोडून उभ्या, हातात प्रार्थनेचं पुस्तक. बार्बाराच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात धातू गाळायची मूस. खाली कोरलं होतं: भट्टीची मालकीण. त्याखाली सालांसकट मजकूर होता: पहिला नवरा वारल्यावर तिने एकटीने भट्टी चालवली होती, खाणींत वाटे घेतले होते. कास्परला अधिकारपद मिळालं त्याच्या कितीतरी आधी!

म्हणजे कास्पर धुतल्या तांदळासारखा होता का? देव जाणे. बायकोच्या खाणी तपासणारा नवरा, त्याचंही काही सांगता येत नाही. पण एक गोष्ट विभावरीला लख्ख दिसली. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या तिला या बाईवर संशय घ्यायचं सुचलंच नव्हतं.

रविवार यायची वाट न बघता तिने चर्चबाहेरच्या बूथमधून घरी फोन लावला.

"आई, आपले ट्रक कोणाचे होते?"

"आज काय हे विचारून राहिलीस?" सरलाबाई दचकल्या. "माझे होते. माझ्या बांगड्या मोडून घेतले."

"आणि काम? ते बाबांनी दिलं ना?"

"ते कसले देतात! मी मोठ्या साहेबांच्या बायकोला गाठलं. तिला काय काय दिलं ते विचारू नकोस. ट्रक फाटकाशी उभे राहिले तेव्हा ह्यांना कळलं. त्याच दिवशी ह्यांनी अर्ज दिला, मला इथून हलवा, बायकोचा माल मी सोडणार नाही. बढती गेली, कॉलनीत तोंड काळं झालं. काढलं नव्हतं गं कुणी त्यांना."

"मग मला सांगितलं का नाहीस?" विभावरी अक्षरशः ओरडली.

"सांगणार होते. ह्यांनीच अडवलं. म्हणाले, माझ्यावरचा तिचा विश्वास उडालाच आहे. तुझ्यावरचाही उडाला तर पोर घरी यायची कोणासाठी?"

विभावरीला रडू आवरेना. इतक्या वर्षांची घट्ट बाई, फोनच्या बूथमध्ये काचेला डोकं टेकून हमसून हमसून रडली.

"बाबा कुठे आहेत?"

"अंगणात. तुझा फोन वाजला की ते उठून बाहेरच जातात. तुला माझ्याशी मोकळं बोलता यावं म्हणून."

"बोलाव त्यांना."

"अहो," सरलाबाईंनी हाक मारली, "विभाचा फोन आहे. तुम्हाला बोलावतेय."

उंबऱ्याशी चपला वाजल्या, आणि मग भास्कररावांचा आवाज आला, आईला विचारणारा, "नक्की मलाच म्हणाली का?"